रूपाची ओळ

चाळीसगावच्या अलीकडे, डोंगरी नदीला लागून कोकिळाच्या सासरचा पानमळा होता. बाहेरून पाहणाऱ्याला ती नुसती शेवरीच्या झाडांची दाट भिंत वाटे. आत शिरलं की ऊन संपायचं. उंच, सरळ बुंध्यांवर नागवेली चढलेल्या, दोन ओळींच्या मध्ये एक माणूस जेमतेम बसेल एवढी वाट, आणि दोन्ही बाजूंना पानांचे पडदे. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत असलं तरी आत पायाखालची माती ओली आणि गार. पलीकडच्या वाटेत कोणी बसलेलं असलं तर ते दिसत नसे, फक्त ऐकू येई.

मळ्यातलं मुख्य काम बांधणीचं. वेल वीतभर वर सरकली की ती बुंध्याला बांधायची. त्यासाठी लव्हाळं, म्हणजे नदीकाठचं लांब गवत, वाळवून ठेवलेलं असे. ते पाण्यात भिजवून मऊ करायचं. एक काडी घ्यायची, वेलीमागून बुंध्याभोवती फिरवायची, गाठ मारायची, पुढच्या वेलीकडे सरकायचं. ओळ संपली की दुसरी ओळ. शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत पहिल्या ओळीतले शेंडे पुन्हा मोकळे होऊन लोंबत असत. हे काम संपल्याचं घरातल्या कोणी कधी पाहिलं नव्हतं.

कोकिळा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, सुंदरबाईनं, तिला मळ्याच्या तोंडाशी चपला काढायला लावल्या आणि आत नेऊन पहिली गाठ स्वतःच्या हातानं मारून दाखवली.

"वेल बांधानी, पन आवळानी नही," ती म्हणाली. "बोटभर जागा ठेवानी. ती जाड व्हनार शे."

कोकिळानं मान हलवली.

"आनी आत कोनले नाव लिसन हाक मारानी नही."

"कसाले?"

"मळा ओ देस."

नव्या नवरीला घाबरवायची ही या घरची रीत असावी असं कोकिळाला वाटलं. तरी तिनं मळ्यात कधी कोणाचं नाव घेतलं नाही. पुढे धाकटा दीर प्रेमराज याचं लग्न होऊन साक्रीकडची रूपा घरात आली. तिलाही सुंदरबाईनं हेच सांगितलं. रूपा फिसकन हसली आणि म्हणाली, "मग मी अक्काच म्हनसू. अक्का काही नाव नही."

तेव्हापासून दोघी जावा शेजारशेजारच्या ओळींत बसत. मधे पानांचा पडदा. रूपाला गप्प राहणं जमत नसे. माहेरच्या गोष्टी, मोबाईलवर पाहिलेल्या मालिकेच्या गोष्टी, प्रेमराज झोपेत काय बडबडतो ते, सगळं ती पडद्यापलीकडून सांगत राही. बांधताबांधता काडीचं उरलेलं टोक ती दातांनी तोडायची. कट् असा बारीक आवाज यायचा. कोकिळा ते टोक गाठीत आत खोचायची. सुंदरबाई रूपाला रागवे, गवत तोंडात घालू नको म्हणे, पण सवय गेली नाही. कधी कोकिळाचं लक्ष नसताना रूपाचा हात पानांतून यायचा आणि तिच्या पदराचं टोक शेवरीला बांधून जायचा. कोकिळा उठली की पदर ओढला जायचा आणि पलीकडून हसू फुटायचं.

भादव्यात रूपाला ताप आला. आधी गावातल्या डॉक्टरकडे नेलं, मग चाळीसगावला, मग जळगावला. आठवडा व्हायच्या आत ती गेली. तिला मूलबाळ नव्हतं. प्रेमराज पानांच्या पाट्या घेऊन पिकअप गाडीनं धुळ्याच्या बाजाराला जायचा, तो सुतकाचे दिवस उलटल्यावर पुन्हा जायला लागला. घरात कोणी तिचं नाव घेईना. प्रेमराजला त्रास होईल म्हणून बाकीचे गप्प, आणि बाकीचे गप्प आहेत म्हणून प्रेमराज गप्प. कोकिळा रडली नाही. बायका भेटायला आल्या तेव्हाही ती चुलीपाशीच होती.

मग ती मळ्यात गेली. एकटी बसली आणि आपल्या ओळीची बांधणी सुरू केली.

पहिल्यांदा आवाज आला तेव्हा तिला वाटलं, खार असेल. कट्. मग थोडं थांबून पुन्हा कट्. ती एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर सरकली तसा तो आवाजही पलीकडे तेवढाच पुढे सरकला. तिनं हात थांबवला, आवाज थांबला. तिनं गाठ मारली. कट्. तिनं पानं बाजूला सारून पाहिलं नाही. मानेवरचे केस उभे राहिले होते, पण हात चालत राहिले, आणि ओळ संपेपर्यंत तिला लक्षात आलं की भादव्यापासून पहिल्यांदाच आपल्या छातीवरचं ओझं हललं आहे.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली.

दिवाळी झाली, थंडी पडली. कोकिळाचा नवरा योगेंद्र एकदा मळ्यात फिरून गेला आणि जेवताना म्हणाला, "रूपाची ओळबी तूच बांधी ऱ्हायनी का? मी मजूर लावनार व्हतू. आते गरजच नही."

कोकिळानं भाकरी मोडता मोडता त्याच्याकडे पाहिलं. रूपाच्या ओळीत तिनं पाय ठेवला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं पानांतून डोकावलं. पलीकडच्या सगळ्या वेली शेंड्यापर्यंत बांधलेल्या होत्या. लव्हाळं अजून ओलं होतं.

तिला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही. पण त्या भीतीच्या खाली काहीतरी ऊबदार होतं आणि ते तिला सोडवेना. ती पडद्यापलीकडे बोलायला लागली. म्हैस व्याली, सासूचे गुडघे दुखतात, योगेंद्रनं नवा मोबाईल घेतला. ती बोलत असताना पलीकडचा आवाज थांबे, कोणी कान देऊन ऐकावं तसा. उत्तर कधी आलं नाही. तेवढं तिला पुरेनासं झालं.

संक्रांतीच्या सुमाराची दुपार होती. घरचे लोक प्रेमराजसाठी शिरपूरकडची एक मुलगी पाहून आले होते. मोहिनी नाव. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लग्न उरकायचं ठरत होतं. कोकिळानं हे पलीकडे सांगितलं. कट् थांबलं आणि पुन्हा सुरू झालंच नाही. तिनं वाट पाहिली. बारीक पाऊस पडल्यासारखं पानांवरून काहीतरी सरसरत गेलं. आणि इतकी वर्षं जे पाळलं ते तिनं मोडलं.

"रूपा," तिनं हाक मारली.

"ओ."

आवाज पलीकडच्या ओळीतून आला नाही. वरून आला, मागून आला, पायाखालून आला. मळ्यात जेवढ्या वेली होत्या तेवढ्यांनी मिळून एकच अक्षर हळूच म्हणावं तसा. तो रूपाचा आवाज होता का, हे कोकिळाला पुढेही कधी सांगता आलं नाही. ती लव्हाळं तिथेच टाकून उठली, तर पदर ओढला गेला. शेवरीला बांधलेला होता.

ती परत खाली बसली. गाठ सोडता सोडता ती हसली, आणि आपलं हसू त्या हिरव्या अंधारात ऐकून लगेच गप्प झाली.

त्यानंतर तिचं घरातलं लक्ष उडालं. ती सकाळी भाकरी बांधून मळ्यात जाई आणि पुष्कळदा भाकरी तशीच परत आणी. योगेंद्र काही विचारी तर एका शब्दात उत्तर देई. तिच्या हातांवर लव्हाळ्याचे वळ पडले होते. मळ्यात मात्र रोज काहीतरी बांधलेलं सापडे. कधी पदर, कधी वेणीचं टोक, एकदा पायातलं जोडवं बुंध्याच्या मुळाशी. ती सोडवी आणि घरी येई. सोडवायला रोज थोडा जास्त वेळ लागे.

होळी झाली. पानमळ्यात होळीनंतर उतरण करतात. वर्षभरात वेल शेवरीच्या डोक्यापर्यंत पोचते, तिच्या खालच्या भागाला पान राहत नाही, वरची पानं लहान आणि पिवळट यायला लागतात. मग सगळ्या गाठी कापायच्या, अख्खी वेल अलगद खाली घ्यायची, तिचा नागडा भाग बुंध्याशी उकरलेल्या खड्ड्यात गोल गुंडाळायचा आणि त्यावर तळ्याची माती ओढायची. फक्त शेंडा बाहेर ठेवायचा. पुरलेल्या पेरांना मुळं फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. उतरण झाली की मळा काही दिवस उघडाबोडका दिसतो. शेवरीच्या फांद्याही छाटतात. जिथं वर्षभर ऊन आलेलं नसतं तिथं ऊन येतं. ओळींमधला पडदा जातो.

कोकिळा म्हणाली, "अजून थोडा दिन जाऊ द्या."

योगेंद्रनं थोडे दिवस जाऊ दिले. मग त्यानं माणसं आणायचं काढलं, तेव्हा ती मळ्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि कोणाला आत येऊ देणार नाही म्हणाली. ती ओरडली नाही, पण तिचं तोंड बघून योगेंद्र मागे फिरला. त्यानं घरी जाऊन आईला सांगितलं.

त्याच दुपारी कोकिळाला काम करता करता डुलकी लागली. जागी झाली तेव्हा डावा हात वर होता आणि खाली येईना. मनगट शेवरीला बांधलेलं होतं. आजवरच्या गाठी सैल असत. ही आवळलेली होती, बोटांची टोकं निळी पडली होती. पलीकडे, अगदी कानाजवळ, कट् कट् चालू होतं. तिनं उजव्या हातानं गाठ ओढली, ती सुटेना. तिला ओरडावंसं वाटलं, पण कोणाला हाक मारायची आणि ओ कोण देईल हे कळेना.

"हालू नको."

सुंदरबाई वाटेत उभी होती. गुडघ्यांमुळे ती गेली काही वर्षं मळ्यात आली नव्हती. काठी टेकत, भिंतीला धरावं तसं बुंध्यांना धरत ती आत आली आणि कोकिळाशेजारी मातीत बसली. तिनं कमरेची पान कापायची सुरी काढली, पण लगेच कापलं नाही. तिनं मान वाकडी करून ऐकलं.

"तुम्हाले आइकू येस?" कोकिळानं विचारलं.

"येस."

"रूपा शे."

 सुंदरबाईनं कोकिळाचं मनगट धरून गाठ उजेडाकडे वळवली. "ही गाठ कोनी शे?"

कोकिळानं पाहिलं. काडीचं टोक दातांनी तोडलेलं नव्हतं. ते गाठीत आत खोचलेलं होतं, नीट, जसं ती स्वतः खोचायची तसं. पलीकडे कट् झालं. कोकिळानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर ओल्या लव्हाळ्याचा हिरवा डाग होता.

"मी नही बांधं," ती म्हणाली. 

सुंदरबाईनं गाठ कापली. हात खाली आला, आणि त्यात रक्त उतरताना जी कळ आली तिनं कोकिळाच्या डोळ्यांत पाणी आलं. सासू तो हात आपल्या मांडीवर घेऊन चोळत राहिली आणि चोळता चोळता बोलली. योगेंद्रच्या आधी तिला एक मुलगी होती. चालायला लागली होती, तेव्हा गेली. तिचंही नाव सुंदरबाईनं या मळ्यात घेतलं होतं, आणि मळ्यानं ओ दिली होती. वेलींखाली पैंजण वाजत. ते थांबू नयेत म्हणून सुंदरबाईनं उतरण करू दिली नाही. घरच्यांनी एक वर्ष ऐकलं, दुसरं वर्ष ऐकलं.

"मग?"

"मग काय. मळा मरी गया. बठ्ठा. वेली वर जाईसन वाळनात. हाई बठ्ठं नवीन लायेल शे." तिनं सुरीचं पातं पदराला पुसलं. "पैंजनबी ग्यात. मी तिले धरी ठेवं व्हतं, आनी माले वाटे तीच माले धरस."

 पलीकडचा आवाज चालूच होता, पण आता तो कोकिळाला दमलेला वाटला. एखादी बाई ऊन कलल्यावरही ओळ संपवायची म्हणून बांधत राहते तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळाच्याच सांगण्यावरून योगेंद्र शिडी घेऊन आला. तो वर चढून गाठी कापी आणि वेल हळूहळू खाली सोडी. कोकिळा खाली बसून ती झेले, गोल गुंडाळी, माती ओढी. नागवेलीचं पेर जरा ओढलं तरी मोडतं, म्हणून घाई करता येत नाही. एकेका वेलीला तिच्या कलानं वाकवावं लागतं. तोडलेल्या पानांचा आणि उकरलेल्या मातीचा तिखट, गार वास मळाभर पसरला. कोकिळाची पाठ मोडून आली, नखांत माती गेली, गुडघे सोलले. ओळीमागून ओळ उघडी पडत गेली. शेवटी रूपाची ओळ राहिली.

"ही मी करस," ती म्हणाली. योगेंद्रनं तिच्याकडे पाहिलं, शिडी तिथेच ठेवली आणि तो नदीकडे गेला.

कोकिळा शिडीवर चढली. वरच्या गाठी तिनं एकामागून एक कापल्या. सगळ्यांची टोकं आत खोचलेली होती. सगळ्या आवळलेल्या होत्या, काही तर इतक्या की वेलीच्या सालीत रुतून तिथं काळा वण पडला होता. एकाही गाठीत बोट शिरेना. ती खाली खाली उतरत आली. तिच्या कमरेइतक्या उंचीवर गाठी बदलल्या. खालच्या गाठी जुन्या, राखाडी झालेल्या, टोकं ओबडधोबड तुटलेली. ज्या दिवशी रूपा तापानं फणफणून घरी गेली त्या दिवशी वेल इथवर होती. तिनं बांधताना जेवढी जागा सोडली होती तेवढी जागा वेलीनं जाड होऊन भरून काढली होती. कुठं वण नव्हता.

कोकिळानं कपाळ त्या बुंध्याला टेकलं आणि ती रडली. भादव्यापासूनचं सगळं तेव्हाच बाहेर आलं. पलीकडे आता पडदा नव्हता, उघडी ओळ होती, ओळीत कोणी नव्हतं, आणि तरी आवाज येत होता. कट्. अगदी जवळ.

तिनं डोळे पुसले आणि वेल खाली घेतली. ती गुंडाळायला लागली तेव्हा वेल तिच्या हातात नेहमीसारखी अडखळली नाही. समोरून कोणीतरी तिला हात लावावा, वाकवायला मदत करावी, तशी ती सहज वळत गेली. शेवटचं वेटोळं खड्ड्यात बसवून कोकिळानं माती ओढायला हात पुढे केला, तोच मातीखालून वेलीला हलकी ओढ बसली. एकदाच. माणूस हातातलं घ्यायला लागला की बसते तशी. कोकिळाची बोटं क्षणभर घट्ट झाली. मग तिनं ती उघडली. वेल मातीत गेली, शेंडा तेवढा वर राहिला. तिनं वरून माती ओढली, तळव्यानं थापली आणि पुढच्या वेलीकडे सरकली.

ओळ संपेपर्यंत ऊन तिच्या पाठीवर आलं होतं. मळ्यात नदीच्या पाण्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

त्या संध्याकाळी जेवताना ती प्रेमराजला म्हणाली, "रूपाले तुम्ही झोपमा बडबडतस ते बठ्ठं माहीत व्हतं. ती माले सांगे." सगळ्यांचे हात ताटात थांबले. प्रेमराजनं खाली पाहिलं, त्याचे खांदे हलले, आणि त्यानं विचारलं, "काय सांगे?" मग कोकिळानं त्याला सांगितलं. सांगता सांगता तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

आखाजी झाली. मोहिनी घरात आली, हसरी, जराशी बुजरी पोर. तोवर पुरलेल्या वेलींना नवी पानं फुटली होती, लहान मुलाच्या तळहातासारखी कोवळी. पहिली खुडणी झाली तेव्हा कोकिळानं रूपाच्या ओळीतली पानं ओल्या फडक्यात बांधली आणि ती धुळ्यावरून एसटीनं साक्रीला गेली. रूपाच्या आईला, शेवंताबाईला, भादव्यानंतर या घरातलं कोणी भेटलं नव्हतं.

शेवंताबाई ओट्यावर बसली होती. तिला दात राहिले नव्हते. ती पान कुटून खायची. तिनं फडकं सोडलं, एकेक पान उलटसुलट करून पाहिलं आणि कुठल्या ओळीचं ते न विचारता गालाला लावलं. कोकिळाला तिनं पाणी दिलं, जवळ बसवलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, एक इचारू? तुमनाकडे हिवाळामा काही व्हयनं व्हतं का?"

"कसाले?"

"रूपा मना सपनमा ये. पुरा हिवाळा. दारमा उभी ऱ्हाये, आत ये नही. मी सांगू, बेटा, बस. ती सांगे, माय, टाइम नही, मनी ओळ बाकी शे." म्हातारीनं आपले दोन्ही तळवे पुढे धरून दाखवले. "हात दखाडे. लव्हाळानी कापायेल."

कोकिळानं त्या तळव्यांवर आपला हात ठेवला. "आनी आते?"

"होळीनंतर एकदाव आत ऊनी. बसनी. मना मांडीवर डोकं ठेवं आनी झोपी गई." शेवंताबाईनं खल पुढे ओढला. "त्यानंतर नही ऊनी."

कोकिळानं तिच्या हातातून बत्ता घेतला. पान, चुना, कात, सुपारीचा तुकडा घालून ती हळूहळू कुटू लागली. चांगलं मऊ झाल्यावर तिनं ते चिमटीनं काढून म्हातारीच्या तळव्यावर ठेवलं, आणि तिनं विचारलं, रूपा लहानपणी कशी होती. शेवंताबाई सांगायला लागली. शेवटची एसटी निघून गेली तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही.